भिंतीतला डबा

त्या हिवाळ्यात गावात चोर यायचे होते. कुठून यायचे, किती यायचे हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण येणार हे मात्र पक्कं. कुणी म्हणे ते अंगाला तेल चोपडून येतात, धरलं तर हातात राहत नाहीत. कुणी म्हणे ते दिवसा सुया विकायला येऊन घर हेरून जातात; त्यापायी एका बिचाऱ्या सुईवाल्या म्हाताऱ्याला गावानं वेशीवरूनच परत पाठवलं. ज्याच्या घरात चोरण्याजोगी एक पोचे पडलेली कढई होती, तोसुद्धा दाराला नवी कडी हवी म्हणून लोहाराकडे येऊन बसू लागला.

लोहाराचं फावलं. सकाळचं धुकं दहा वाजले तरी हटायचं नाही. समोरचं झाड दिसायचं नाही, रस्ता दिसायचा नाही. फक्त भट्टीची लाल धग दिसायची आणि हातोड्याचा आवाज यायचा. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, अडसर, खिडक्यांचे गज. माणसं धुक्यातून यायची, माप सांगायची, परत धुक्यात जायची.

लोहार माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुणाच्या मागच्या दाराची कडी ढिली आहे, कुणी पलंगाखाली लोखंडी झाकण बसवून घेतलंय, हे सगळं तो पुढच्या गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगायचा. चोरानं स्वतः येऊन विचारलं असतं तर त्यालाही सांगितलं असतं, वर चहा पाजला असता. यात खोडी नव्हती. त्याला वाटायचं, चांगली कडी केली तर ती चार लोकांना कळायला नको का?

त्याच हिवाळ्यात त्याचं स्वतःचं घरही वर येत होतं. वीस वर्षं गळक्या छपराखाली काढली. आता जुनं खोपट पाडून त्याच जागेवर पक्क्या विटांच्या तीन खोल्या. तोवर नवरा-बायको भट्टीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. लोहाराच्या बायकोला सगळे थोरली म्हणत, कारण घरात धाकटीही होती: लोहाराच्या भावाची बायको.

भावाला गाव पाखऱ्या म्हणायचं. एका फांदीवर बसायचा नाही म्हणून. आई गेली तेव्हा तो रांगत होता. लोहारानं त्याला खांद्यावर घेऊन भाता ओढला. थोरली लग्न होऊन आली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि पहिल्याच दिवशी तिच्या मांडीवर झोपून गेला. दोघांना मूलबाळ झालं नाही. त्याची उणीव पाखऱ्यानं भरून काढली, आणि त्यांना भरपूर कामालाही लावलं. माणूस वाईट नव्हता, लाघवी होता. फक्त दर सहा महिन्यांनी त्याला काहीतरी सुचायचं, आणि ते सुचलं की घरातलं काहीतरी विकलं जायचं.

जुनं घर पाडायला काढलं त्या आठवड्यात धाकटी एक डबा घेऊन आली. पाखऱ्या आणि ती दुसऱ्या गावी कामाला निघाली होती. डबा गोल, पत्र्याचा, मूठभर उंचीचा, फडक्यात बांधलेला.

"ताई, हे तुमच्याकडे राहू दे. दोन बांगड्या आहेत, साखळी आहे. माझ्या आईनं दिलेलं एवढंच उरलंय. कानातली ह्यांनी विकली आणि मधमाश्यांच्या पेट्या आणल्या. माश्या गेल्या उडून. आता मासे पाळायचं म्हणतात."

"मासे उडून तरी जाणार नाहीत," थोरली म्हणाली.

दोघी हसल्या. मग हसता हसता धाकटीला रडू आलं.

"ह्यांना सांगितलंय, आईच्या दुखण्यात मोडलं म्हणून. ताई, दादांना नका सांगू. दादांच्या कानावर गेलं की ह्यांच्या कानावर आलंच."

थोरलीनं डबा हातात घेतला. हलका होता, पण आतलं सोनं एका बाजूला सरकलं ते तिला जाणवलं. नवऱ्यापासून काही लपवायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. पण धाकटीचं म्हणणं खोटं नव्हतं.

"माझ्यावर सोड," ती म्हणाली. "मागशील तेव्हा हातात देईन."

बोलून तर बसली. आता ठेवायचा कुठं? शेड म्हणजे चार पत्रे. पिठाच्या डब्यात ठेवला, तर पीठ मळताना तिचाच जीव वर-खाली. शेवटी कोळशाच्या पोत्यात तळाशी घातला. तिसऱ्या दिवशी लोहारानं पोत्यात फावडं घातलं आणि टण्ण झालं.

"हे काय गं?"

"माझा सुईदोऱ्याचा डबा," ती म्हणाली आणि झडप घालून उचलला.

"सुईदोरा कोळशात?"

"चोर येणार आहेत ना?"

लोहार पोट धरून हसला. संध्याकाळपर्यंत चार माणसांना सांगून झालं होतं की आमची बायको चोरांपासून सुया लपवते. चौघंही तिच्याकडे बघून हसले. तिनं हसू दिलं. डबा त्या दिवसापासून दिवसा तिच्या कमरेला आणि रात्री उशाखाली आला, आणि तिची झोप गेली.

लोहाराचं मात्र वेगळंच चाललं होतं. गावाला कड्या पुरवता पुरवता त्यानं स्वतःच्या घरासाठी तिजोरी घडवली. जाड पत्र्याची, आत तीन खटके, किल्ली वीतभर लांब. मधल्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीत ती विटांमध्ये बसवून घेतली, आणि जो कडी न्यायला येईल त्याला हात धरून दाखवायला नेऊ लागला. किल्ली फिरवायची, तीन खटके ऐकवायचे, दार उघडायचं. आत जागेचा कागद आणि थोरलीची एक चांदीची अंगठी.

"चोराला आता फक्त पत्ता विचारायचा राहिलाय," गवंडी म्हणाला. "तोही तूच सांगशील."

तिजोरीत डबा ठेवायची सोय नव्हती, हे सांगायला नको.

मजुरी वाचावी म्हणून थोरली स्वतःच घमेली वाहत होती. सकाळी धुक्यात ती त्या बिनछपराच्या घरात शिरायची तेव्हा भिंती अर्ध्यावर जाऊन धुक्यात विरघळलेल्या असायच्या. वर कुठपर्यंत घर आहे आणि कुठून आभाळ, कळायचं नाही. ओल्या विटांचा गार वास यायचा. मधल्या खोलीत घमेलं खाली ठेवून ती नुसती उभी राहायची. इथं खाट येईल. इथं दिवा. या कोपऱ्यात दुपारी सावली असेल, इथं मी पडेन. खोलीला ना दार होतं ना जमीन, तरी त्या कोपऱ्यात तिला ती स्वतःच निजलेली दिसायची, म्हातारी झालेली, अंगावर जाड पांघरूण घेतलेली. गवंड्यानं हाक मारली की ती दचकून घमेलं उचलायची.

अशीच एकदा उभी असताना तिचं लक्ष भिंतीतल्या भोकांकडे गेलं. भिंत वर नेताना गवंडी मधूनमधून अर्ध्या विटेचं भोक सोडत जातो. त्यात आडव्या बांबूंची टोकं खुपसायची, त्यावर फळ्या टाकायच्या, झाली परांची. काम संपलं की बांबू काढायचे. भोकं राहतात ती गिलावा करताना विटांचे तुकडे ठोकून बुजवायची. उत्तरेच्या भिंतीतले बांबू कालच निघाले होते. सहा भोकं, एका रांगेत, काळोखी. थोरलीनं एकात हात घातला. कोपरापर्यंतही गेला नाही, पण डबा मावेल एवढी जागा होती.

दारापासून चौथं भोक. बरोब्बर तिच्या खांद्याएवढं. तिनं भिंतीला खांदा लावून बघितलं, दोनदा. मग कमरेचा डबा काढून आत सारला आणि पुढं विटेचा तुकडा दाबून बसवला. या भिंतीचा गिलावा बाजाराच्या वारानंतर, असं गवंडी म्हणाला होता. पाच दिवस होते. तेवढ्यात दुसरी जागा बघू, असं तिनं ठरवलं. त्या रात्री तिला अशी झोप लागली की लोहारानं उठवलं तेव्हा ऊन पडलेलं होतं.

दोन दिवसांनी ती गाढवावर गोण्या टाकून ओढ्यावर वाळू आणायला गेली. त्या दिवशी धुकं कधी नव्हे ते लवकर उठलं. ओढ्याचं पाणी उन्हात चमकत होतं, वाळू गरम लागत होती, आणि तिला उगाचच प्रसन्न वाटत होतं. चाळताना तिनं दोनदा गाणं गुणगुणलं. परत आली ती दुपार कलल्यावर. मधल्या खोलीच्या दारात लोहार उभा होता, हात पाठीमागे बांधून.

"ये, बघ," तो म्हणाला. "आरसा."

उत्तरेची भिंत वरपासून खालपर्यंत करडी, ओली, गुळगुळीत. ऊन चांगलं पडलं म्हणून गवंड्यानं हातासरशी तीच भिंत उरकून घेतली होती. एक भोक नाही, एक रेघ नाही. लोहार बोट लावायला गेला आणि गवंडी ओरडला. थोरली दारातच उभी राहिली. तिचे हात वाळूनं भरलेले होते, ते तसेच राहिले.

चहा देताना तिनं गवंड्याला विचारलं, "भोकं नीट बुजवलीत ना?"

"बाई, त्या भिंतीत मुंगी शिरणार नाही. एका भोकात तर आधीच तुकडा बसवलेला होता." तो तिच्याकडे बघून हसला. "तुम्हीच बसवला असणार. शिकलात काम."

एवढंच बोलला आणि चहा प्यायला. पण तुकडा बाहेर काढून बघितला की तसाच ठेवला? हसला तो काम शिकली म्हणून, की आणखी कशासाठी? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं आणि त्यानं घेतला नसता, तर गावभर झालं असतं. त्यानं घेतला असता, तर तो कशाला सांगतो? भिंत फोडून बघायची म्हटलं तर लोहार दर अर्ध्या तासानं हातोडा टाकून येऊन ती बघून जात होता. वीस वर्षांनी मिळालेली भिंत. तिचं तोंड उघडेना.

गिलाव्याला पंधरा दिवस पाणी मारावं लागतं. ते काम थोरलीचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ ती बादली आणि पत्र्याचं टमरेल घेऊन मधल्या खोलीत जायची. भिंत पाणी पिताना बारीक आवाज करायची, कानाशी कुणी कुजबुजल्यासारखा. पहिले चार दिवस तिला तो आवाज सोसवेना. मग काय झालं कुणास ठाऊक, तिला तिथं बरं वाटू लागलं. डबा आत असेल, तर याहून भक्कम जागा जगात नाही. उघडायला किल्ली नाही, दाखवायला दार नाही. ती पाणी मारत राहायची आणि भिंतीशी बोलायची, मनातल्या मनात. आहेस ना? आहेस तर राहा गुमान. पंधरा दिवस झाले तरी ती पाणी मारतच होती.

"बाई, आता बास," गवंडी म्हणाला. "भिंत आहे, रोप नाही."

नंतर जमीन भरली. लोहार गाढवावरून मुरूम आणायचा, थोरली टोपल्या ओतायची, दोघं मिळून धुमसानं ठोकायचे. त्यावर फरशी बसली, दारं लागली. लोहारानं पुढच्या दाराला आतून पाच कड्या लावल्या. सकाळी दार उघडायचं म्हणजे हात भरून यायचे. चोर आलेच नाहीत. म्हणे दुसऱ्याच मुलखात गेले. लोहाराला थोडं वाईटही वाटलं.

उन्हाळा लागला. दुपारी थोरली उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून फरशीवर पडायची. भिंत गार असायची. डोळा लागला की भिंत पाण्याची व्हायची, आणि त्या पाण्यात डबा तरंगत असायचा, कधी वर, कधी खाली, तिचा हात पोचायचा नाही. कधीकधी झाकण उघडायचं आणि आत काहीच नसायचं. जाग आली की गवंड्याचा राग यायचा. तो रस्त्यात भेटला तर ती तुटकच बोलायची. त्याला बिचाऱ्याला वाटलं, आपल्याकडून कुठंतरी गिलाव्यात खोट राहिली.

अशाच एका दुपारी ती पडलेली असताना दारात सावली पडली. धाकटी. एकटी. हातात कापडी पिशवी, पायांवर धूळ.

"ताई, माझं ते द्या. चारच्या गाडीनं मला परत जायचंय."

पाणीसुद्धा न पिता तिनं सांगितलं. ती जिच्याकडे शिवायला जाते ती बाई म्हातारी झालीय, शिवणाचं दुकान धाकटीला द्यायला तयार आहे. पण पैसे उद्या सकाळपर्यंत हवेत. परवा दुसरी कुणी येतेय. पाखऱ्या माशांच्या तळ्यासाठी बाहेरगावी गेलाय, संध्याकाळी परतेल.

"दुकान माझ्या नावावर झालं ना, ताई, की मग हे काहीही पाळोत."

थोरली उठून बसली. भिंत तिच्या पाठीला लागलेली होती, तिचा गारवा अजून अंगात होता. तिनं सगळं सांगितलं. धाकटी ऐकता ऐकता भिंतीकडे बघू लागली.

"ताई, आहे ना पण?"

तिनं वाईट हेतूनं विचारलं नव्हतं. पण थोरलीचे कान तापले. अशी वेळ आयुष्यात तिच्यावर आली नव्हती.

ती भट्टीवर गेली. लोहार पाठमोरा, नांगराचा फाळ ठोकून त्याला धार काढत होता. तिनं कोपऱ्यातून छिन्नी आणि लहान हातोडा उचलला आणि निघून आली. मग दारापासून चौथं भोक जिथं होतं तिथवर पावलं मोजली, भिंतीला खांदा लावला, नखानं खूण केली. भट्टीवरून हातोड्याचा आवाज येत होता: एक मोठा, दोन बारीक, एक मोठा. मोठा पडला की त्याच्यासोबत तिनं घाव घातला. बारीक पडले की थांबली. नवरा-बायको वीस पावलांवर एका तालात ठोकत होती आणि त्यातल्या एकालाच ते ठाऊक होतं.

गिलाव्याचा पोपडा पडला. आत वीट. अख्खी, भाजलेली, लाल वीट. भोकाचा पत्ताच नाही. तिनं वीतभर डावीकडे फोडलं. वीट. उजवीकडे फोडलं. तिथंही वीट, आणि तिच्याभोवतीचं सिमेंट मुंगीलाही वाट न देणारं. थोरलीच्या केसांत धूळ, ओठांवर धूळ. डबा गेला तर गेला, एखादा चोर नेतो. पण भोकसुद्धा जावं? तिला वाटलं, आपण पाच महिने स्वप्नातच डबा ठेवला. धाकटी पिशवी पोटाशी धरून भिंतीशी बसली होती, आणि थोरलीला तिच्याकडे बघवत नव्हतं.

रागानं तिनं आणखी एक घाव घातला. तो एकटाच वाजला. भट्टीवरचा आवाज थांबलेला होता.

लोहार दारात उभा होता. आधी त्यानं भिंत बघितली. मग बायकोच्या हातातली छिन्नी. मग धाकटी. भिंतीवरची तीन भोकं बघताना त्याचा चेहरा असा झाला की थोरलीनं मान फिरवली.

"काय करतेस?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं सांगितलं: डबा, कोळसा, परांचीचं भोक, सगळं. तो ऐकत भुईवर बसला.

"मला का नाही सांगितलं?"

थोरली छिन्नीवरची धूळ पुसत राहिली.

"मी त्याला सांगितलं असतं असं वाटलं तुला?"

थोरलीनं त्याच्याकडे नीट बघितलं. वीस वर्षांत तिनं या माणसाला दुखवलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

बाहेर भट्टीत कोळसा तडतडला. लोहार म्हणाला, "सांगितलं असतं."

मग तो उठला. भिंतीपाशी गेला, तिनं फोडलेल्या जागेत बोट घालून बघितलं. "खांद्याएवढं होतं म्हणतेस?"

"बरोब्बर. दोनदा मापलं."

"केव्हा?"

"गिलाव्याच्या आधी दोन दिवस."

त्यानं खाली फरशीकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"तेव्हा खाली मुरूम होता का?"

थोरलीच्या लक्षात यायला क्षण लागला. मग तिचा हात तोंडाशी गेला. हातभर मुरूम. तिनंच टोपली टोपली करून ओतलेला, तिनंच धुमसानं ठोकलेला. तेव्हा ती जमिनीवर उभी होती आणि आता हातभर वर उभी होती; घर वर आलं, ती वर आली, डबा जिथल्या तिथं राहिला.

"तू खड्ड्यात उभी राहून माप घेतलंस," लोहार म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला, भिंतीवर हातभर खाली खूण केली आणि छिन्नी मागितली. आपली भिंत त्यानं आपल्या हातानं फोडली. दोन घाव, हलके. पोपडा पडला, मागून विटेचा तुकडा निघाला, आणि आतल्या काळोखात फडक्याचं टोक दिसलं.

डबा ओलसर होता. धाकटीनं झाकण काढलं. दोन बांगड्या, साखळी. तिनं त्या नुसत्या बघितल्या, हातात घेतल्या नाहीत, आणि थोरलीच्या पायांशी डोकं टेकायला गेली. थोरलीनं तिला मधेच धरलं. तिला स्वतःलाच लाज वाटत होती, आणि सगळ्यात जास्त गवंड्याची.

निघताना धाकटी दारात थांबली. "दादा..."

"जा तू," लोहार म्हणाला. "गाडी चुकेल."

दुसऱ्या दिवशी गावाला भिंत कळली. चार भोकं पडलेली नवी भिंत लपणार कशी? कुणी म्हणालं, चोर मिळेना म्हणून लोहारानं स्वतःच घर फोडलं. कुणी विचारलं, पुरलेलं धन लागलं काय? गवंडी आला तो लालबुंद होऊन आला. "माझी भिंत तपासतोस? मला विचारायचं होतंस."

लोहारानं एकदा बायकोकडे बघितलं. "पोकळ वाजल्यासारखी वाटली," तो म्हणाला. "चुकलं माझं. तुझी भिंत पक्की आहे." गवंड्यानं चार लोकांसमोर त्याची अक्कल काढली, मग भोकं बुजवून दिली. थोरलीनं त्याला चहात दुप्पट साखर घातली. लोहार मान खाली घालून ऐकत राहिला. ज्याला स्वतःच्या कामाची वाहवा ऐकायची सवय, त्याला हे किती लागलं असेल ते तिला दिसत होतं. तिला त्याचा फार अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याच्या वळणावर पाखऱ्या दिसला. चप्पल हातात, चाल दमलेली. लोहाराच्या हातातली सांडशी खाली पडली.

"मला नाही जमायचं," तो थोरलीला म्हणाला. "मी त्याच्याशी कधी खोटं बोललो नाही. जन्मात नाही."

"बोलूच नका. आधी जेवायला बसा. बोलावंसं वाटलं की पाणी मागा."

मधल्या खोलीत तिनं दोघांना वाढलं. पाखऱ्या भिंतीसमोरच बसला. ओली, काळपट ठिगळं त्याच्या डोळ्यांसमोर होती. दोन घास खाऊन त्यानं हात थांबवला.

"दादा, तिनं दुकान घेतलं. तिच्या नावावर. मला सांगितलंसुद्धा नाही."

"पाणी दे गं," लोहार म्हणाला.

"तिच्याकडे होतं काय? आईच्या दुखण्यात सगळं मोडलं म्हणाली होती. मग आलं कुठून?"

लोहारानं तांब्या तोंडाला लावला. थोरली बघत होती; त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली होत होती. तांब्या रिकामा झाला. तिनं भरला. पाखऱ्यानं विचारलं, तिनं इथं काही ठेवलं होतं का. लोहारानं पाणी मागितलं. पाखऱ्यानं विचारलं, ती इथं आली होती का. लोहारानं पाणी मागितलं. बाहेर ऊन पांढरं झालं होतं, खोलीत गार सावली होती, आणि त्या सावलीत ती दोन माणसं तिला लहान दिसत होती, एक दुसऱ्याच्या खांद्यावर बसण्याएवढं.

"आणि ही भिंत कशाला फोडलीस?"

"विटा होत्या," लोहार म्हणाला. "आत विटाच होत्या." आणि लगेच तांब्या पुढं केला.

पाखऱ्याचे डोळे भरून आले. "सगळे मला वेडा समजतात, दादा. बायकोसुद्धा. तू एकटा माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीस, म्हणून तुलाच विचारायला आलो. तू नाही म्हणालास तर मी तिला पुन्हा विचारणार नाही. तिला सुखानं राहू देईन."

लोहारानं भावाकडे बघितलं. त्याचे ओठ हलले, थांबले, परत हलले.

"नाही," तो म्हणाला. "इथं काही नव्हतं."

पाखऱ्यानं मान हलवली. त्याचा विश्वास बसला. पहिल्यापासून बसणारच होता. तो पुन्हा जेवू लागला, पोटभर जेवला, आणि मध्येच हसून म्हणाला, "दादा, आज तहान फार लागलीय तुला."

लोहारानं खाली ताटात बघितलं. ताट जसंच्या तसं होतं.

"पाणी," तो म्हणाला.

थोरली उठली आणि सहाव्यांदा तांब्या भरून आणला.